सोलापुरात एवढा सरकारी पैसा आला, मग तो नळाला का दिसत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नोकरीनिमित्त पुण्यात हडपसरला, आईवडील सोलापुरातल्या जुळे सोलापूर या उपनगरात. स्मार्ट सिटी झाली, चारपदरी रस्ते झाले, वंदे भारत सुरू झाली, विमान उडालं. तरी घरी फोन केला की आई म्हणते, "आज पाण्याचा दिवस आहे, रात्री बोलू." मग हा सगळा पैसा गेला कुठे? आणि दुसरा प्रश्न: अशा शहरात परत येऊन गारमेंटचं छोटं युनिट टाकण्यात शहाणपणा आहे का?

मी बरीच वर्षं पाणीपुरवठ्याच्या आणि रस्त्यांच्या कामांवर इंजिनिअर होतो, आता नगरपालिकांसाठी प्रकल्प अहवाल तयार करतो. या चर्चेत तुम्हाला एका शब्दात उत्तर देणारे भरपूर भेटतील: "खाल्ला." भ्रष्टाचार नाही असं मी म्हणणार नाही. पण आलेला एकेक रुपया प्रामाणिकपणे खर्च झाला असता तरी तुमच्या आईला चौथ्या-पाचव्या दिवशीच पाणी मिळालं असतं, असं माझं मत आहे. बांधायला जो पैसा येतो आणि चालवायला जो लागतो, ते दोन वेगळे पैसे आहेत. पहिला दिल्ली-मुंबईहून येतो, दुसरा शहराला स्वतःच्या खिशातून काढावा लागतो. सोलापूरला पहिला बऱ्यापैकी मिळाला. दुसरा आटत गेला.

पाण्यापासूनच सुरुवात करतो, कारण सोलापूरचं सगळं दुखणं त्यात दिसतं.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. एकूण साठा साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला निम्म्याहून जास्त, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा. वापरायचा साठा ५३ टीएमसीच्या आसपास. "उजनी मायनसमध्ये गेली", म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी मृतसाठ्यात उतरलं, हे आपल्याकडे दर दुष्काळात ऐकू येतं ते यामुळे. मायनसमध्ये गेली की पाणी संपत नाही, पण ते पंपाच्या तोंडापासून लांब जातं. मग दुबार पंपिंग, तिबार पंपिंग, आणि प्रत्येक टप्प्याला वेगळं वीजबिल.

शहराला पाणी तीन वाटांनी येतं. उजनीवरून थेट पाइपलाइन, सुमारे ८० एमएलडीची (रोज ८० दशलक्ष लिटर). दुसरं हिप्परग्याचं एकरुख तळं, इंग्रजांच्या काळातलं, १८७१ चं. आणि तिसरी वाट टाकळीची: भीमा नदीवर औज आणि चिंचपूरचे बंधारे भरायचे आणि तिथून उचलायचं. ही तिसरी वाट मला कायम बोचत आली. औज बंधारा भरायचा तर उजनीतून नदीत पाणी सोडावं लागतं, आणि ते नदीनं दोनशे किलोमीटरहून जास्त वाहत येतं. पोचायला आठवडाभर तरी जातो. वाटेत कोरडं पात्र पितं, ऊन पितं, दोन्ही काठांवरच्या मोटारी पितात, आणि खाली खाली तर पलीकडचा काठ कर्नाटकाचा. काठावरच्या शेतकऱ्याला दोष देऊ नका, त्याचंही पीक वाळत असतं. पण एका शहराच्या काही महिन्यांच्या पिण्यासाठी पाच-सहा टीएमसी सोडायचं, हे गणित कुठल्याही बाजूनं बसत नाही.

आता तेच पाइपमधून मोजू. समांतर जलवाहिनी म्हणजे उजनीवरूनच शहराला येणारी दुसरी पाइपलाइन; तिची आखणी १७० एमएलडीची. रोज १७० दशलक्ष लिटर, वर्षभर अखंड, म्हणजे जवळपास २.२ टीएमसी. नदीत एकदा सोडायला जेवढं लागतं त्याच्या निम्म्याहून कमी पाण्यात पूर्ण वर्ष. म्हणून या जलवाहिनीवर जो खर्च झाला तो मला जिल्ह्यातली सर्वांत शहाणी गुंतवणूक वाटते. ती इतकी वर्षं रखडली याचा मला मनापासून राग आहे. रखडलेल्या प्रत्येक उन्हाळ्यात ते पाणी शहराच्याही कामी आलं नाही आणि शेताच्याही.

पण इथेच लोकांची एक समजूत मोडायला हवी. शहरात येणारं पाणी वाढलं की नळाला रोज पाणी येईल, असं आपोआप होत नाही. २०११ च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचं होतं. आज बारा लाख धरा. माणशी दिवसाला १३५ लिटर हा सरकारी निकष. गुणाकार केला तर १६२ एमएलडी होतात. म्हणजे जुनी आणि समांतर अशा दोन्ही वाहिन्या पूर्ण क्षमतेनं चालल्या, तर कागदावर शहराला पुरून उरेल. मग अडतं कुठे? टाकीपासून नळापर्यंत.

रात्री अकरा-बारा वाजता तुमच्या भागात चावीवाला येतो, आठवत असेल. हातात लांब लोखंडी चावी, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण बाजूला करतो आणि व्हॉल्व्ह फिरवतो. त्या क्षणी पाइप चार दिवस रिकामा पडलेला असतो. रिकाम्या पाइपात पाणी घुसतं तेव्हा आधी आतली हवा ढकलली जाते, जुने जोड खडखडतात, काही सुटतात. शिवाय ते चार दिवस जमिनीतला ओलावा, गटाराचा पाझर फुटक्या जोडांतून आत शिरत असतो. पहिली दहा मिनिटं गढूळ पाणी येतं त्याचं कारण हेच. मग गल्लीतला प्रत्येक जण नळाला थेट मोटार लावतो. वरच्या घरांचे हौद भरतात आणि शेवटच्या घराला धार येईपर्यंत चावीवाल्याची वेळ संपते. शेवटच्या घराची तक्रार येते, नगरसेवक फोन करतो, चावीवाला वेळ वाढवतो, पुढच्या भागाचं पाणी तेवढं कमी होतं, आणि एक दिवस सगळं वेळापत्रक पुढे सरकतं.

यातून बाहेर पडायचं तर पाइपात कायम दाब ठेवावा लागतो. त्यासाठी शहराचे छोटे विभाग पाडायचे, प्रत्येक विभागाला स्वतःची टाकी, आत येणाऱ्या पाण्याला मीटर, गळती शोधून बंद करायची, घरोघरी मीटर लावायचे. हे काम कंटाळवाणं आहे. त्याचं भूमिपूजन होत नाही, आणि झालं तरी फोटोत काय दिसणार? खणलेला रस्ता. म्हणून ते नेहमी मागे पडतं. मी ज्या गावांत हे पाहिलं, तिथे धरणातून एक थेंबही जास्त न आणता पाण्याचे दिवस वाढले.

यात शहराच्या आकाराचाही भाग आहे. १९९२ ला हद्दवाढ झाली आणि ३३ चौरस किलोमीटरचं शहर एकदम १७८ चौरस किलोमीटरचं झालं. माणसं मात्र त्या पटीत वाढली नाहीत, गिरण्या बंद पडत गेल्या तशी वाढ मंदावली. बाळे, केगाव, देगाव, शेळगी, जुळे सोलापूर सगळं एका महापालिकेत. पाइप, गटार, रस्ता, दिवा हे सगळं किलोमीटरवर मोजलं जातं आणि कर घरावर मिळतो. एका किलोमीटरमागे घरं कमी असली की तो किलोमीटर कायम तोट्यात. जुळे सोलापूरचे लोक तीस वर्षं जो वनवास सांगतात त्याचं मूळ इथे आहे.

चालवायचा खर्च म्हणजे नेमका किती, याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब देतो. एक घनमीटर पाणी शंभर मीटर उंच चढवायला, पंपाची झीज-तूट धरून, साधारण ०.४ युनिट वीज लागते. १७० एमएलडी म्हणजे रोज १ लाख ७० हजार घनमीटर. म्हणजे प्रत्येक शंभर मीटर उंचीमागे रोज ६८ हजार युनिट. युनिटला सात रुपये धरले तरी दिवसाला पावणेपाच लाख, वर्षाला सतरा कोटींच्या वर. लांब पाइपातलं घर्षण, क्लोरीन, तुरटी, माणसं, दुरुस्ती हे सगळं त्यावर. हे पैसे कुठलीही केंद्रीय योजना देत नाही. ते पाणीपट्टीतून यायला हवेत, आणि मीटर नसलेल्या नळाला वर्षाची ठरावीक पट्टी असते. पाणी चार दिवसांनी आलं तरी तेवढीच, रोज आलं तरी तेवढीच. लोक म्हणतात, आधी रोज पाणी द्या, मग पट्टी वाढवा. महापालिका म्हणते, आधी पट्टी भरा. दोघांचंही म्हणणं चूक नाही, आणि गाडं तिथेच अडतं.

महापालिकेच्या तिजोरीबद्दल फार लांबण लावत नाही. पूर्वी जकात होती, रोज रोख पैसा यायचा. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही गेला. २०१७ पासून जीएसटीच्या बदल्यात राज्य सरकार भरपाई देतं आणि ती दर वर्षी आठ टक्क्यांनी वाढते. पगार आणि पेन्शन भागतं. उरतं ते थोडं. शिवाय २०२२ पासून जवळपास चार वर्षं निवडून आलेली सभाच नव्हती, प्रशासकाचं राज्य होतं. प्रशासक काम करत नाही असं अजिबात नाही, पण पट्टी वाढवण्यासारखा नकोसा निर्णय लोकांत जाऊन समजावून सांगणारा माणूस तेव्हा नव्हता.

आता स्मार्ट सिटी, कारण तुमचा सगळ्यात जास्त राग त्यावर दिसला. २०१६ च्या जानेवारीत पहिल्या वीस शहरांची यादी आली, त्यात सोलापूर नववं होतं. योजनेची रचना अशी की केंद्राचे पाचशे कोटी, तेवढेच राज्य आणि शहर मिळून. पण बहुतेक पैसा एका निवडलेल्या भागातच वापरायचा. सोलापूरनं निवडला तो भाग हजारेक एकराचा, सिद्धेश्वर तलाव, पार्क स्टेडियम, रंगभवन या परिसरातला. पूर्ण शहर चव्वेचाळीस हजार एकरांचं. तुमच्या आईवडिलांचं घर त्या हजार एकरांत येत नाही. त्यामुळे त्यांना काही दिसलं नाही, ही तक्रार खरी आहे, पण ती योजनेच्या आखणीबद्दलची आहे. पार्क स्टेडियमवर आज जी मुलं खेळतात त्यांना विचाराल तर ती वेगळं सांगतील, आणि तेही खरंच आहे.

रस्त्यांचं दोन भागांत बघा. शहराबाहेरचे महामार्ग उत्तम झाले. पुणे-हैदराबाद, विजयपूर, तुळजापूर-धाराशिव, सांगली-कोल्हापूर, चारही दिशा मोकळ्या झाल्या. हा पैसा केंद्राचा, देखभाल ठेकेदाराच्या करारात बांधलेली, बऱ्याच ठिकाणी टोलची कमाई. म्हणजे चालवायचा खर्च आधीच ठरवलेला. म्हणून ते रस्ते टिकतात. रेल्वेचंही तसंच: दौंड-सोलापूर-वाडी दुहेरीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, २०२३ च्या फेब्रुवारीत वंदे भारत आली.

आणि वेशीच्या आत आलात की खड्डा. आपली जमीन काळी कापसाची. उन्हाळ्यात ती तडकते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात फुगते. अशा जमिनीवर रस्ता करताना काळी माती उकरून काढायची, जाड मुरमाचा थर दाबून बसवायचा, बाजूला पाणी निघायला गटार, आणि मग वरचं डांबर. खालच्या थरावर खर्च करायचा नाही आणि वरून डांबर ओतायचं, तर पहिला पाऊसच तो कडेनं खातो. त्यात पाइपलाइन, ड्रेनेज, केबल यांसाठी आडवे चर खणले जातात आणि खणलेली तीच काळी माती परत त्यात लोटली जाते. दोन पावसांत चर बसतो आणि रस्त्यावर आडवी घळ तयार होते. पुढच्या वेळी आलात की होटगी रोडवर कुठलाही आडवा खड्डा बघा, सरळ रेषेत असेल. तो पावसानं पाडलेला नसतो, चरातला असतो. चर मुरमानं, थराथरानं, पाणी मारून भरायचा हे प्रत्येक निविदेत लिहिलेलं असतं. तिथे उभं राहून बघायला कनिष्ठ अभियंता लागतो, आणि एकेका अभियंत्याकडे इतके प्रभाग असतात की तो बिलाच्या मोजमापापुरता पोचतो.

शहरातले दोन उड्डाणपूल, जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला आणि जुना पुणे नाका ते पत्रकार भवन, वर्षानुवर्षं भूसंपादनात अडकले तेही याच कारणानं. पूल बांधायला बाहेरचा पैसा होता. जागेच्या मोबदल्यात महापालिकेचा वाटा घालायचा तर तिजोरी रिकामी.

रे नगरचं उदाहरण मला मुद्दाम द्यायचं आहे. कुंभारीला असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची वसाहत, २०१९ च्या जानेवारीत पायाभरणी, २०२४ च्या जानेवारीत पहिली पंधरा हजार घरं दिली. त्याच भागात गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं त्याआधीची, २००६ ची. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कागद-काच वेचणाऱ्या बायांना स्वतःच्या नावाचं पक्कं घर, हे आपल्या जिल्ह्यात झालं याचा मला अभिमान आहे. कामगार नेते नरसय्या आडम आणि त्यांच्या संघटनेनं त्यासाठी जी चिकाटी दाखवली ती थोर आहे. पण विडीवाली बाई घरात विडी वळते आणि वळलेल्या विड्या कारखान्यात नेऊन देते, नवी पानं-तंबाखू घेऊन येते. घर शहराबाहेर गेलं की ही फेरी लांबते. शहर बससेवा खंगलेली, मग रिक्षा, आणि रिक्षाचं भाडं त्या दिवसाच्या मजुरीतून जातं. घर बांधायची योजना होती. बस चालवायला तेवढ्याच ताकदीची योजना नाही.

विमानतळाबद्दल मी फार उत्साही नाही. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडली, २०२५ च्या जूनपासून गोव्याचं आणि त्याच वर्षी पुढे मुंबईचं विमान सुरू झालं. व्यापाऱ्यांना, रुग्णांना उपयोग आहे. पण ज्या शहरात टँकर फिरतो तिथे गुंतवणूकदार विमानातून उतरून पहिल्यांदा पाण्याचंच विचारतो.

एक नवं कलमही आता हिशेबात धरावं लागेल. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला. दुष्काळी जिल्हा म्हणून आपण नाले बुजवले, ओढ्यात प्लॉट पाडले. हिप्परगा भरून सांडला की ते पाणी आदिला नदीच्या जुन्या वाटेनंच शहरात येणार, तिथे आज कुणाचं घर आहे हे पाणी बघत नाही.

इथवरचं थोडक्यात: धरणापासून शहरापर्यंतचे, शहरापासून शहरापर्यंतचे मोठे दुवे बरेचसे झाले किंवा होत आहेत. वेशीच्या आतलं वाटप, देखभाल आणि वाहतूक दुबळी आहे. तुमच्या युनिटचा विचार याच नकाशावर करा.

गारमेंट टाकावं का? शिलाईपुरतं असेल तर माझं उत्तर "हो"कडे झुकतं. शिलाईला पाणी पिण्यापुरतं आणि स्वच्छतागृहापुरतं लागतं. कापड भिवंडी, इचलकरंजी, भिलवाड्याहून ट्रकनं येतं आणि महामार्ग चांगले आहेत. शाळेच्या गणवेशासाठी सोलापूरचं नाव झालेलं आहे, शिवणारे हात इथे आहेत. मात्र रंगाई, धुलाई यात उतरायचा विचार असेल तर मी थांबवीन. तिथे पाणी हा कच्चा माल आहे, सांडपाणी शुद्ध करायचा खर्च वेगळा, आणि टँकरवर चालणारं डाइंग मंदीचा एक हंगामही काढत नाही.

जागा कुठे, हे मात्र तुमच्या माणसांवर ठरेल. चिंचोळीची एमआयडीसी पुणे महामार्गावर आहे, जागा मोकळ्या, ट्रकला सोयीची. पण शिलाई करणाऱ्या बहुतेक बाया पूर्व भागात राहतात: अशोक चौक, नीलम नगर, विडी घरकुल, कुंभारी. त्यांना रोज शहर ओलांडून चिंचोळीला आणायचं तर गाडी तुम्हालाच लावावी लागेल. तुम्ही यंत्रांवर भर देणार असाल तर चिंचोळी, हातांवर देणार असाल तर अक्कलकोट रोडच्या बाजूला. पहिली दोन वर्षं भाड्याच्या शेडमध्ये काढा, प्लॉट लगेच घेऊ नका.

शेड बघायला एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात या, दिवाळीत नको. दिवाळीत सगळ्याच शेडला पाणी असतं. शेजारच्या कारखान्यात जाऊन तीन गोष्टी विचारा: मागच्या उन्हाळ्यात टँकर किती घ्यावे लागले, दुपारी वीज किती वेळा जाते, आणि पावसात शेडच्या दारात पाणी किती चढतं. मालकापेक्षा तिथला वॉचमन खरं सांगेल. महापालिकेच्या हद्दीत शेड असेल तर झोन कार्यालयात जाऊन तो भाग कुठल्या टाकीवर आहे आणि ओळीच्या सुरुवातीला आहे की शेवटी, एवढं विचारून घ्या. समोरचा रस्ता नवीन दिसला तर कार्यारंभ आदेशाची तारीख आणि दोषदायित्वाचा कालावधी (ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्ती करायचा काळ) माहिती अधिकारात मागा. तो संपत आला असेल तर पुढची दुरुस्ती महापालिकेच्या तिजोरीतून होईल, म्हणजे उशिरा होईल.

आणि आईवडिलांच्या घरासाठी: जमिनीखालचा हौद असेल तर वर्षातून दोनदा तळापर्यंत धुऊन घ्या, आणि पाण्याच्या दिवशी पहिली दहा-पंधरा मिनिटं येणारं पाणी हौदात घेऊ नका, अंगणातल्या झाडांना सोडा. नळाला थेट मोटार लावली असेल तर काढा. मोटारीच्या ओढीनं पाइपात पोकळी होते आणि बाहेरची घाण फुटक्या जोडातून आधी तुमच्याच हौदात येते. त्याऐवजी नळाच्या पातळीखाली छोटा हौद करून त्यात आपोआप पाणी पडू द्यायचं आणि मोटार त्या हौदाला लावायची. गल्लीतल्या पाच-दहा घरांनी मिळून हे केलं तर शेवटच्या घरालाही धार मिळते. नीट करणारा प्लंबर हवा असेल तर कळवा, जुळे सोलापुरात ओळखीचे आहेत.